परक्याचे दुःख आपल्याला कसे कळते? : एडिथ श्टाइन आणि १९१६ चा एक प्रबंध

१/
३ ऑगस्ट १९१६. पहिल्या महायुद्धाचे तिसरे वर्ष नुकतेच सुरू झाले होते. व्हर्दंची लढाई सहाव्या महिन्यात होती आणि सोमची लढाई सुरू होऊन महिना उलटला होता. त्या दिवशी जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात चोवीस वर्षांची एक तरुणी डॉक्टरेटच्या मौखिक परीक्षेला सामोरी गेली. तिच्या प्रबंधातील प्रश्न वरवर पाहता साधा होता : दुसऱ्याच्या मनातले आपल्याला कळते, तेव्हा नेमके काय घडते?

२/
तिचे नाव एडिथ श्टाइन. मार्गदर्शक होते एडमुंड हुसर्ल, फेनॉमेनॉलॉजी अर्थात रूपविवेचनवाद या तत्त्वज्ञानपद्धतीचे प्रवर्तक. त्याच वर्षी मार्च महिन्यात हुसर्ल यांचा धाकटा मुलगा वोल्फगांग व्हर्दंच्या रणांगणावर मारला गेला होता. परदुःखाच्या आकलनाची मीमांसा करणारा प्रबंध त्या उन्हाळ्यात पुत्रशोकातून जाणाऱ्या गुरूने वाचला. युद्ध, मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांच्या संगमावर उभ्या राहिलेल्या या प्रबंधाची ही कथा.

३/
श्टाइन यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८९१ रोजी ब्रेस्लाऊ येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा जर्मनीत होते. आज ते पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे. एडिथ हे शेंडेफळ. ती दोन वर्षांचीही झाली नव्हती तोच वडील वारले. त्यांच्यामागे आई आउगुस्ट यांनी लाकडाची वखार स्वतः चालवली, कर्जातून बाहेर काढली आणि मुलांना शिकवले. प्रशियातील विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांसाठी रीतसर उघडले ते १९०८ मध्ये. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९११ मध्ये, श्टाइन ब्रेस्लाऊ विद्यापीठात दाखल झाल्या.

४/
त्यांचे विषय होते मानसशास्त्र, इतिहास आणि जर्मन भाषा-साहित्य. मानसशास्त्र त्या काळी तरुण शास्त्र होते. विल्हेल्म वुंट यांनी लाइप्झिगमध्ये प्रयोगशाळा स्थापन केली त्याला तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षे झाली होती. भौतिकशास्त्रज्ञ जसे वस्तूंचे मापन करतो, तसे मनाचेही करता येईल, हा त्या पिढीचा विश्वास होता. प्रतिक्रियेला लागणारा वेळ, स्मरणाची क्षमता, संवेदनेची तीव्रता या साऱ्याचे आकडे जमा होत होते. ब्रेस्लाऊमध्ये श्टाइन यांचे शिक्षक होते विल्यम श्टर्न, बुद्धिगुणांकाची कल्पना मांडणारे ख्यातनाम मानसशास्त्रज्ञ.

५/
श्टर्न यांच्याकडेच प्रबंध करावा असे आधी ठरले होते. परंतु श्टाइन यांचे समाधान होईना. मोजमाप चालले आहे ते ठीक. पण जे मोजायचे त्याची व्याख्याच धूसर असेल तर? ‘विचार’ म्हणजे काय, ‘भावना’ म्हणजे काय, ‘मी’ म्हणजे कोण, या मूळ संकल्पना स्पष्ट नसताना त्यांवर शास्त्राची इमारत कशी उभी राहणार? याच सुमारास त्यांच्या हाती हुसर्ल यांचा १९००-०१ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘तार्किक अन्वेषणे’ हा ग्रंथ आला. आपल्याला हवा असलेला पाया येथे सापडेल, असे त्यांना वाटले. एप्रिल १९१३ मध्ये त्यांनी ब्रेस्लाऊ सोडले आणि हुसर्ल शिकवत असलेले ग्यटिंगेन गाठले.

६/
येथे थोडे थांबून हुसर्ल यांची पद्धत समजून घेतली पाहिजे. हुसर्ल मूळचे गणिती. त्यांची डॉक्टरेट गणितातली, व्हिएन्ना विद्यापीठाची, १८८३ ची. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कोणत्याही गोष्टीचे कारण शोधण्यापूर्वी ती गोष्ट अनुभवात कशी प्रकट होते, याचे काटेकोर वर्णन करा. झाड पाहणे, झाड आठवणे आणि झाडाची कल्पना करणे हे तीन वेगळे अनुभव आहेत. झाड एकच असले तरी ते समोर येण्याची रीत तिन्ही वेळा निराळी आहे. त्या रीतीचा अभ्यास म्हणजे रूपविवेचनवाद.

७/
१९१३ च्या उन्हाळ्यात हुसर्ल ‘निसर्ग आणि आत्मतत्त्व’ या विषयावर व्याख्याने देत होते. त्यांत एक मुद्दा आला. जग वस्तुनिष्ठ आहे असे आपण म्हणतो, याचा अर्थ ते केवळ माझ्यापुरते नसून अनेकांना अनुभवता येते. म्हणजे वस्तुनिष्ठतेच्या मुळाशी ‘इतर अनुभव घेणारे आहेत’ हा अनुभव गृहीत धरलेला आहे. या अनुभवाला हुसर्ल यांनी ‘आइनफ्युलुंग’ हा प्रचलित जर्मन शब्द वापरला. पण तो अनुभव नेमका कसा घडतो, हे सांगितले नाही. बाकांवर बसलेल्या श्टाइन यांनी ही उणीव हेरली. त्यांना प्रबंधाचा विषय मिळाला.

८/
‘आइनफ्युलुंग’ या शब्दालाही इतिहास आहे. शब्दशः अर्थ : भावनेने आत शिरणे. १८७३ मध्ये रोबर्ट फिशर यांनी तो सौंदर्यशास्त्रात रुजवला. शिल्प किंवा वास्तू पाहताना आपण आपली भावना तिच्यात ओततो, असा त्यांचा रोख होता. पुढे म्युनिकचे प्राध्यापक थिओडोर लिप्स यांनी हा शब्द माणसांना लावला. १९०९ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी इंग्रजीत त्यासाठी ‘एम्पथी’ हा शब्द घडवला. मराठीत आपण त्याला समानुभूती म्हणतो. सहानुभूतीत दुसऱ्याबद्दल कळवळा असतो. समानुभूतीत त्याच्या अनुभवाचे आकलन असते. कळवळा नंतर येईल किंवा येणारही नाही.

९/
श्टाइन यांच्यासमोर तीन प्रस्थापित उत्तरे होती. पहिले उत्तर साधर्म्यावरून अनुमानाचे, जॉन स्टुअर्ट मिल यांच्या नावाने ओळखले जाणारे. मला वेदना होते तेव्हा मी कण्हतो, हे मला ठाऊक आहे. समोरचा कण्हत आहे. तेव्हा त्यालाही वेदना होत असावी. एकूण, दुसऱ्याचे मन हा तर्काने काढलेला निष्कर्ष. लिप्स यांनीच याची अडचण दाखवून दिली होती. रागावल्यावर आपला स्वतःचा चेहरा कसा दिसतो हे आपण पाहत नाही. मग दुसऱ्याच्या चेहऱ्याशी तुलना करणार कशाची?

१०/
श्टाइन यांचा आक्षेप याहून नेमका होता. असे अनुमान आपण कधीच करत नाही, असे त्यांनी म्हटले नाही. कधी कधी करतोही. परंतु अनुमानातून मिळते ते केवळ संभाव्य ज्ञान. ‘धूर आहे, म्हणून आग असावी’ या जातीचे. आपल्या रोजच्या अनुभवात मात्र समोरच्याचे दुःख तसे येत नाही. ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसते. हा ‘दिसणे’ म्हणजे काय प्रकार आहे, याचे उत्तर अनुमानाचा सिद्धान्त देत नाही. तो प्रश्नाला बगल देतो.

११/
दुसरे उत्तर खुद्द लिप्स यांचे : आंतरिक अनुकरण. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण डोंबाऱ्यासारख्या कसरतपटूचे. उंच दोरीवर तोल सावरणाऱ्या त्या माणसाकडे पाहताना प्रेक्षकाचे अंग नकळत त्याच्याबरोबर हलते. लिप्स म्हणतात, अनुभव परिपूर्ण असेल तर प्रेक्षक आणि कसरतपटू यांच्यातील भेद मावळतो. दोघे एक होतात. आपल्याकडे ज्याला परकायाप्रवेश म्हणतात, त्याच्याशी हे वर्णन बरेच जुळते. विषय निवडल्यावर हुसर्ल यांनी श्टाइन यांच्याकडून हीच अपेक्षा ठेवली होती, की लिप्स यांच्या सिद्धान्ताची सांगोपांग झडती घ्यावी.

१२/
झडतीत श्टाइन यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक : प्रेक्षक कसरतपटूशी एक होत नाही, तो त्याच्या ‘सोबत’ असतो. दोरीवरच्या त्या पावलात प्रेक्षकाचे मन गुंतलेले असते. पण पाऊल आपले नाही याचे भान सुटत नाही. दोन : अनुकरणातून निर्माण होते ती माझी स्वतःची भावना. एक मूल रडू लागले की शेजारचे मूलही रडू लागते. दुसऱ्या मुलाला पहिल्याचे दुःख ‘कळले’ असे आपण म्हणू का? त्याला दुःखाची लागण झाली. लागण आणि आकलन या भिन्न गोष्टी आहेत.

१३/
तिसरे उत्तर माक्स शेलर यांचे. १९१३ मध्ये त्यांनी सहभावनांवर एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला होता. त्यांच्या मते आरंभी अनुभवांचा एकच प्रवाह असतो, त्यात ‘माझे’ आणि ‘तुझे’ असा भेद नसतो. तो पुढे पडत जातो. म्हणून दुसऱ्याचा अनुभव आपण आतूनच जाणू शकतो. श्टाइन यांना शेलर यांची लागण आणि समानुभूती यांतील भेदाची दृष्टी मान्य होती. पण हा प्रवाह मान्य नव्हता. प्रत्येक अनुभव कोणाचा तरी असतो. कोणाचाच नसलेला अनुभव वर्णनात कोठेही सापडत नाही.

१४/
मग श्टाइन यांचे स्वतःचे उत्तर काय? प्रबंधातील उदाहरण अगदी साधे आहे. एक मित्र येतो आणि आपला भाऊ गेल्याचे सांगतो. मला त्याच्या वेदनेची जाणीव होते. ही जाणीव कोणत्या जातीची आहे? हा प्रश्न युद्धकाळात विचारला जात होता, हे विसरता कामा नये. १९१६ च्या जर्मनीत असे मित्र घरोघरी येत होते.

१५/
या उत्तराची किल्ली आहे आठवणीत. समजा, गेल्या वर्षी परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा आनंद आज आठवला. आठवण्याची क्रिया आत्ताची आहे, ताजी आहे, मूळ स्वरूपात आहे. पण तो आनंद आता मूळ स्वरूपात नाही. तो तेव्हा होता. म्हणजे क्रिया मूळ, आशय मूळ नाही. श्टाइन म्हणतात, समानुभूतीची रचनाही अशीच आहे. मित्राचे दुःख जाणण्याची क्रिया माझी आणि आत्ताची. दुःख मात्र माझ्या ठायी मूळ स्वरूपात नाही. ते त्याच्या ठायी आहे.

१६/
फरक एकच, पण निर्णायक. आठवणीतला ‘मी’ आणि आठवणारा ‘मी’ एकच असतात. समानुभूतीत दोन ‘मी’ असतात. त्या दोहोंमधील अंतर कधीही बुजत नाही. घराची मागची बाजू दिसत नसेल तर वळसा घालून ती पाहता येते. मित्राच्या दुःखाभोवती कितीही फिरले तरी ते त्याला जसे जाणवते तसे मला कधीही जाणवणार नाही. आणि तरीही ते दुःख मला कळते, त्याचेच म्हणून कळते. समानुभूती म्हणजे परकायाप्रवेश नव्हे. परकेपण कायम राखून होणारे ते आकलन आहे.

१७/
हे आकलन तीन टप्प्यांत उलगडते, असे श्टाइन दाखवतात. प्रथम दुसऱ्याचा अनुभव अचानक समोर उभा राहतो : मित्राच्या चेहऱ्यावर दुःख दिसते. मग त्या अनुभवात शिरण्याची ओढ निर्माण होते. त्या वेळी मी मित्राकडे पाहत नाही, तर त्याच्याबरोबर त्याच्या दुःखाच्या विषयाकडे, गेलेल्या भावाकडे पाहतो. अखेरीस तो अनुभव स्पष्ट होऊन पुन्हा माझ्यासमोर येतो, आता अधिक समजलेला. प्रत्येक वेळी तिन्ही टप्पे गाठले जातातच असे नाही. पुष्कळदा आपण पहिल्यावरच थांबतो.

१८/
प्रबंधाचा पुढचा भाग शरीराविषयी आहे. विज्ञान आणि तत्त्वज्ञान यांचा सांधा येथेच जुळतो. शरीर ही एक वस्तू आहे. तिला वजन आहे, आकार आहे. पण ही विचित्र वस्तू आहे. इतर कोणत्याही वस्तूपासून मला दूर जाता येते, शरीरापासून नाही. ते नेहमी ‘येथे’ असते. बाकी सारे जग ‘तेथे’. श्टाइन मिस्कीलपणे नोंदवतात, की आपली मागची बाजू दाखवण्याच्या बाबतीत शरीर चंद्राहूनही हट्टी आहे. जर्मन भाषेत या दोन बाजूंसाठी दोन शब्द आहेत : ‘क्योर्पर’ म्हणजे भौतिक काया आणि ‘लाइब’ म्हणजे आतून जगलेला जिवंत देह.

१९/
आता दुसऱ्याचा हात टेबलावर टेकलेला पाहा. पुस्तक टेबलावर पडलेले असते, तसा तो केवळ पडलेला दिसत नाही. तो कमी-अधिक जोराने टेकलेला, सैल किंवा ताणलेला दिसतो. त्याच्या संवेदना माझ्या नाहीत, तरी त्या हाताबरोबरच माझ्यासमोर येतात. कुत्र्याच्या जखमी पंजाकडे पाहतानाही आपल्याला निव्वळ मांसखंड दिसत नाही; दुखणारा अवयव दिसतो. जीव जितका वेगळा, तितके हे आकलन विरळ होत जाते. मनाचा शोध श्टाइन यांनी अशा प्रकारे देहापासून सुरू केला. मन आत दडलेले आणि देह म्हणजे त्याचे टरफल, ही कल्पना त्यांनी नाकारली.

२०/
मग मानसशास्त्राचे काय? श्टाइन यांची भूमिका विज्ञानविरोधी नव्हती. समानुभूती माणसात कशी उपजते, तिच्यामागे कोणत्या शारीरिक प्रक्रिया आहेत, हे शोधणे विज्ञानाचे काम आहे आणि ते व्हायला हवे. त्यांचा आग्रह एवढाच, की जे उपजते ते काय आहे, हे आधी निश्चित करा. अनुकरणाचा सिद्धान्त लागण कशी होते हे सांगतो आणि समानुभूतीचे स्पष्टीकरण दिले असे समजतो. प्रश्न एकाचा, उत्तर दुसऱ्याचे. विज्ञानाने कोणत्या गोष्टीचे कारण शोधायचे, ते वर्णनाने नेमके करून द्यायचे, अशी ही श्रमविभागणी होती.

२१/
इतिहासाच्या अभ्यासकांना प्रबंधाचा अखेरचा भाग विशेष जवळचा वाटेल. निसर्गात कारणे असतात, माणसाच्या कृतीमागे हेतू असतात. दगड पडतो त्याचे कारण सांगता येते. राजाने तह का केला हे सांगायचे तर त्याच्या दृष्टीने तो तह कसा दिसत होता, हे समजावे लागते. विल्हेल्म डिल्टाय यांनी मानव्यविद्यांसाठी हाच पाया शोधला होता. श्टाइन यांनी समानुभूतीला त्या पायाचे स्थान दिले. सीझरला रोमऐवजी एखाद्या खेड्यात किंवा विसाव्या शतकात ठेवून पाहिले, तर त्याच्यात काही बदल होतील. पण त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा गाभा सीझरचाच राहील, असे त्या म्हणतात. इतिहासकार त्या गाभ्याच्या शोधात असतो.

२२/
यातला धोकाही त्यांनी ओळखला होता. समानुभूती चुकू शकते. विशेषतः दुसऱ्याला आपल्याच मापाने मोजले की ती हमखास चुकते. आपल्याला जे लाजिरवाणे वाटते ते त्यालाही वाटतच असणार, असे धरून चालणे ही फसगत आहे. तिच्यावर उपाय एकच : आणखी काळजीपूर्वक पाहणे, त्या माणसाच्या पुढच्या शब्दांनी आणि कृतींनी आपले आकलन दुरुस्त करत राहणे. दुसऱ्याच्या नजरेतून आपण स्वतःकडेही पाहू लागतो. स्वतःबद्दलची फसगत कधी कधी तेथेच उघडी पडते.

२३/
हे सारे केवळ ग्रंथालयात सुचले नव्हते. युद्ध सुरू झाल्यावर ग्यटिंगेनमधील श्टाइन यांचे शिक्षक आडोल्फ राइनाख सैन्यात भरती झाले. जानेवारी १९१५ मध्ये राज्य परीक्षा उत्तीर्ण होऊन त्याच वर्षी श्टाइन रेडक्रॉसच्या परिचारिका म्हणून मोरेव्हियातील, आजच्या चेक प्रजासत्ताकातील, ह्रानित्से येथे साथीच्या रोगांच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. सामानात होमर आणि हुसर्ल यांचा १९१३ चा ग्रंथ ‘आयडियाज’. वॉर्डांत विषमज्वराचे रुग्ण, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील अनेक भाषा बोलणारे सैनिक. भाषा कळत नसलेल्या माणसाची वेदना ओळखणे, हा तेथील रोजचा व्यवहार होता.

२४/
परतल्यावर त्यांनी ब्रेस्लाऊच्या शाळेत शिकवता शिकवता प्रबंध पूर्ण केला. दरम्यान १९१६ मध्ये हुसर्ल फ्रायबुर्गला गेले होते. म्हणून परीक्षा तेथे झाली. निकाल लागला : सर्वोच्च श्रेणी. आपण ‘आयडियाज’च्या दुसऱ्या खंडात जे मांडणार होतो, त्यातील काही भाग या प्रबंधात आधीच आला आहे, हे हुसर्ल यांच्याही लक्षात आले. १९१७ मध्ये हाले येथून प्रबंध छापला गेला, पण पूर्ण नव्हे. पहिले, ऐतिहासिक प्रकरण छापलेच गेले नाही आणि ते आज उपलब्ध नाही.

२५/
त्यानंतर श्टाइन हुसर्ल यांच्या साहाय्यक झाल्या. काम होते गुरूंच्या लघुलिपीतील कागदांचे ढीग वाचून त्यांतून ग्रंथ उभे करणे. ‘आयडियाज’चा दुसरा खंड आणि कालजाणिवेवरील व्याख्याने त्यांनी संपादित केली. हुसर्ल ती तपासायला बसत नसत. त्यांचे मन नव्या प्रश्नाकडे धावलेले असे. अखेर फेब्रुवारी १९१८ मध्ये श्टाइन यांनी ते पद सोडले. कालजाणिवेचा ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला, संपादक म्हणून मार्टिन हायडेगर यांच्या नावाने. प्रस्तावनेत श्टाइन यांचा उल्लेख ओझरता होता. ‘आयडियाज’चा दुसरा खंड तर १९५२ मध्ये बाहेर आला. तोवर गुरुशिष्य दोघेही नव्हते.

२६/
नोव्हेंबर १९१७ मध्ये राइनाख फ्लँडर्सच्या आघाडीवर पडले. त्यांच्या पत्नीने कागदपत्रे लावण्यासाठी श्टाइन यांना बोलावले. ज्या उदाहरणावर प्रबंध बेतला होता, ते आता त्यांच्या दारात उभे होते. सांत्वनाला गेलेल्या श्टाइन यांना त्या विधवेच्या धीराने चकित केले. या भेटीचा परिणाम पुढे त्यांच्या आयुष्यावर झाला. १९२२ च्या पहिल्या दिवशी त्यांनी कॅथॉलिक पंथाची दीक्षा घेतली.

२७/
तत्पूर्वी एक लढा द्यायचा होता. जर्मनीत विद्यापीठात स्वतंत्रपणे शिकवण्यासाठी डॉक्टरेटनंतर ‘हाबिलिटात्सिओन’ ही पात्रता लागत असे. फेब्रुवारी १९१९ मध्ये हुसर्ल यांनी श्टाइन यांच्यासाठी शिफारसपत्र लिहिले. स्त्रियांना ही वाट मोकळी झाली तर, अशी अट मात्र त्यात होती. त्याच वर्षी ग्यटिंगेनमध्ये गणितज्ञ एमी न्यटर यांना बऱ्याच खटपटीनंतर ही पात्रता मिळाली. श्टाइन यांचा अर्ज तेथेच, प्रबंध तपासलाही न जाता, परत आला. कारण त्या स्त्री होत्या.

२८/
श्टाइन यांनी प्रशियाच्या शिक्षण मंत्रालयाकडे दाद मागितली. २१ फेब्रुवारी १९२० रोजी मंत्रालयाने आदेश काढला : स्त्री असणे ही हाबिलिटात्सिओनच्या मार्गातील अडचण मानली जाऊ नये. पुढच्या पिढ्यांसाठी दार उघडले. श्टाइन यांना स्वतःला मात्र त्या दारातून कधीच जाता आले नाही. नाकारल्या गेलेल्या त्या काळातले त्यांचे लेखन, मानसशास्त्र आणि मानव्यविद्या यांच्या तात्त्विक पायाविषयीचे, १९२२ मध्ये हुसर्ल यांच्या वार्षिकात छापून आले.

२९/
पुढे १९२३ ते १९३१ त्यांनी श्पायर येथे शिकवले, १९३२ मध्ये म्युन्स्टर येथील अध्यापनशास्त्र संस्थेत रुजू झाल्या. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू कुळातील म्हणून ती नोकरी गेली. त्याच वर्षी त्या कोलोन येथील कार्मेलाइट मठात दाखल झाल्या आणि १९३८ च्या अखेरीस हॉलंडमधील एख्त येथे गेल्या. जुलै १९४२ मध्ये डच बिशपांनी ज्यूंच्या हद्दपारीविरुद्ध जाहीर निषेध वाचून दाखवला. सूड म्हणून कॅथॉलिक झालेल्या ज्यूंची धरपकड झाली. २ ऑगस्टला श्टाइन आणि त्यांची बहीण रोझा यांना अटक झाली. ९ ऑगस्ट १९४२ हा आउश्विट्झमधील त्यांच्या मृत्यूचा दिवस मानला जातो.

३०/
प्रबंधाचे पुढे काय झाले? १९६४ मध्ये नात्यातील वाल्ट्राउट श्टाइन यांनी तो इंग्रजीत आणला. १९७८ मध्ये प्रिमॅक आणि वुडरफ यांनी चिंपांझीला दुसऱ्याच्या मनाविषयी ‘सिद्धान्त’ असतो का, असा प्रश्न विचारला आणि जुना वाद नव्याने पेटला. एका पक्षाचे म्हणणे : दुसऱ्याचे मन आपण सिद्धान्ताने, अनुमानाने ओळखतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे : आपण त्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहतो. जुन्या ओळखीचे मिल आणि लिप्स नव्या वेशात परतले होते.

३१/
१९९२ मध्ये इटलीतील पार्मा येथील संशोधकांनी माकडांच्या मेंदूतील काही पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. माकड स्वतः वस्तू उचलते तेव्हा त्या पेशी सक्रिय होतात आणि दुसऱ्याला उचलताना पाहते तेव्हाही. पुढे त्यांना ‘मिरर न्यूरॉन’ म्हणजे आरसापेशी हे नाव पडले. त्या गटातील वित्तोरिओ गालेसे यांनी समानुभूतीचा अर्थ लावताना श्टाइन यांच्या प्रबंधाचा आधार घेतला. इकडे शॉन गॅलघर आणि डॅन झहावी यांच्यासारखे तत्त्वज्ञ सांगू लागले, की दुसऱ्याची भावना पुष्कळदा थेट त्याच्या देहबोलीत दिसते. अनुमानाची किंवा कल्पनेची पायरी दर वेळी लागत नाही.

३२/
आरसापेशींनी श्टाइन यांना खरे ठरवले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. माझ्या मेंदूत दुसऱ्याच्या कृतीचा प्रतिध्वनी उमटतो, एवढे प्रयोग दाखवतो. पण ती कृती माझी नसून त्याची आहे, हे मला कशावरून कळते? प्रतिध्वनीवरून आकलनाकडे जाणारी वाट कोणती? १९१६ मध्ये लिप्स यांना विचारलेला प्रश्न आजच्या प्रयोगशाळेलाही विचारावा लागतो. मापन सूक्ष्म झाले; मापन कशाचे, हा प्रश्न मागे पडलेला नाही.

३३/
या प्रबंधातून इतिहासाच्या वाचकाने न्यावे असे काही असेल तर ते हे : भूतकाळातील माणसांशी एकरूप होता येत नाही, आणि तसे होण्याची गरजही नाही. शिवकाळातला शेतकरी, पेशवाईतली विधवा किंवा व्हर्दंच्या खंदकातला सैनिक यांचे दुःख आपले नव्हे. ते त्यांचेच म्हणून समजून घ्यायचे, आपल्या मापाने न मोजता, पुराव्यांनी स्वतःला दुरुस्त करत. दुसऱ्याला माणूस म्हणून पाहण्याची ही क्षमता श्टाइन यांनी तपासली. ज्या राजवटीने ती नाकारली, तिने त्यांचा जीव घेतला. त्यांचे छापले गेलेले पान मात्र शिल्लक आहे, आणि त्यावरचा प्रश्नही.

(समाप्त)